थांबा म्हणायची मुभा

वढू बुद्रुकहून रात्री निघालं की कोरेगाव भीमापर्यंतचा रस्ता मोकळा मिळतो. अपवाद फाल्गुन अमावास्येचा. त्या दिवशी शंभूराजांच्या समाधीला गावोगावची माणसं लोटतात, आणि माझ्यासारखीला सकाळीच गाडी गावाबाहेर लावून ठेवावी लागते. कारण फोन कधी येईल सांगता येत नाही. “मॅडम, सिझर आहे, किती वेळात पोचाल?” भुलेची पेटी डिकीत कायम भरलेली असते. शिक्रापूर, सणसवाडी, रांजणगाव, कधी चाकणच्या बाजूला. गेली चोवीस वर्षं मी फिरती भूलतज्ज्ञ आहे. नगर रोडच्या दोन्ही अंगांना दहा-पंधरा खाटांची जी रुग्णालयं आहेत, त्यांच्यातल्या बहुतेक ओट्यांतले, म्हणजे ऑपरेशन थिएटरांतले, दिवे कुठल्या बाजूला लुकलुकतात हे मला पाठ आहे.

पण माणसं पाठ नाहीत. सर्जन पुण्याहून निघालेले असतात आणि वाघोलीच्या गर्दीत अडकलेले असतात. सिस्टर परवाच रुजू झालेली असते. ओटीतले मामा जुने, पण ते आज सुट्टीवर आणि त्यांच्या जागी वॉर्डातला मुलगा. बालरोगतज्ज्ञ फोनवर. अशी रात्री सव्वाअकराला एकत्र आलेली पाच माणसं पावणेबाराला एका बाईचं पोट उघडतात. मोठ्या शहरातले लोक शस्त्रक्रियेच्या टीमला वाद्यवृंदाची उपमा देतात. मला ती पटत नाही. वाद्यवृंद महिनाभर तालीम करतो. आम्ही एकमेकांची नावंसुद्धा मास्कमागून विचारत नाही.

ही पुस्तिका अशा माणसांसाठी आहे. दोन वर्षं या भागातल्या सिस्टर, मामा, मावश्या, भूलतज्ज्ञ आणि सर्जन यांच्याशी बसून केलेल्या गप्पांतून ती तयार झाली. संपादक मंडळींनी प्रस्तावना माझ्याकडे दिली, कारण या विषयावर सर्वांत जास्त कुरकुर मी केली होती.

कुरकुर करणाऱ्यानं आधी स्वतःची चूक सांगावी. काही वर्षांपूर्वी एका लहान रुग्णालयात सिझरसाठी स्पायनल द्यायचं होतं. घाई होती, बाळाचे ठोके उतरत होते. सुई उशिरा दिली म्हणून मी नव्या सिस्टरवर खेकसले होते. औषधांचा ट्रे माझा मीच मांडलेला. ग्लोव्ह्ज घालून पाठीशी बसले आणि म्हणाले, “डावीकडची अँप्यूल फोड आणि धर.” तिनं अँप्यूल उचलली, पाहिली आणि नुसती उभी राहिली. “अगं, धर ना!” तरी ती बोलली नाही. तिनं फक्त काच फिरवून लेबल माझ्या बाजूला केलं. ते मणक्यात द्यायचं भुलेचं ‘हेवी’ नव्हतं, ट्रॅनेक्सॅमिक अ‍ॅसिड होतं. रक्तस्राव थांबवायला शिरेतून द्यायचं ते औषध मणक्यात गेलं तर झटके येतात, हृदयाचे ठोके विस्कटतात आणि माणूस दगावूही शकतो. ही अदलाबदल जगात इतक्या ठिकाणी झाली की मार्च २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेला तिच्याबद्दल खास इशारा काढावा लागला. दोन्ही औषधं काचेच्या अँप्यूलमध्ये येतात, आणि घाईत काच काचेसारखीच दिसते.

बाळ-बाळंतीण सुखरूप घरी गेली. मी त्या सिस्टरला नंतर विचारलं, “तोंडानं का नाही सांगितलंस?” ती म्हणाली, “मॅडम, मघाशी तुम्ही रागावलात ना.”

त्या मुलीला ‘थांबा’ म्हणायची भीती वाटली आणि तरीही तिनं लेबल फिरवलं, हे माझं आणि त्या बाळंतिणीचं नशीब. नशिबाच्या भरवशावर ओटी चालवू नये एवढंच या पुस्तिकेचं म्हणणं आहे. हात चुकतो, चुकणारच. पण पुष्कळदा चूक घडायच्या आधी खोलीतल्या कुणाला तरी ती दिसलेली असते. ज्याला दिसली त्याला बोलता येत नाही, किंवा तो बोलतो आणि ज्यानं ऐकायचं त्याचे कान कामात बुडालेले असतात.

आपल्याकडे चुकीचा विचार मात्र नेहमी ‘कुणाची?’ या प्रश्नापासून सुरू होतो. औरंगाबादच्या सरकारी रुग्णालयातलं १९६३ सालचं एक प्रकरण वैद्यकीय कायद्याच्या प्रत्येक पुस्तकात आहे. जुलै महिन्यात एक बाई बाळंत झाली. तीन दिवसांनी, १३ जुलैला, तिची नसबंदीची शस्त्रक्रिया झाली. त्यानंतर तिची तब्येत ढासळत गेली. १९ तारखेला दुसऱ्या डॉक्टरांनी पोट पुन्हा उघडलं तेव्हा आत रक्त टिपायचा कापडी मॉप सापडला, पोटात पू झालेला. २४ जुलैला ती गेली. नवऱ्यानं दावा लावला. खालच्या कोर्टानं ३६,००० रुपये भरपाई मंजूर केली, उच्च न्यायालयानं ती रद्द केली, आणि सर्वोच्च न्यायालयानं २० फेब्रुवारी १९९६ रोजी ती पुन्हा कायम केली. तेहेतीस वर्षं लागली. मॉप आपल्या पायानं पोटात जात नाही, तेव्हा निष्काळजीपणा वेगळा सिद्ध करायला नको, आणि तो सरकारी नोकरांकडून झाला म्हणून सरकारच जबाबदार, असा त्या निकालाचा साधा गाभा.

निकाल योग्यच आहे. पण तो वाचताना ओटीत आयुष्य काढलेल्या माणसाच्या मनात वेगळे प्रश्न येतात. पोट शिवायच्या आधी मॉप मोजायचं काम कुणाकडे होतं? मोजणाऱ्याला मोजायला वेळ दिला का? एक कमी भरला असता तर ‘सर, टाका थांबवा’ म्हणायची त्या माणसाची टाप होती का? कोर्टापुढे हे प्रश्न येत नाहीत, आणि यायला पाहिजेत असंही नाही. ते आपण विचारायचे आहेत.

मोजणीबद्दल एक आकडा सांगते, कारण तो ऐकून मी स्वतः चरकले होते. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्समधल्या प्रकरणांचा एक अभ्यास २००३ साली प्रसिद्ध झाला. शरीरात मॉप किंवा हत्यार राहिलेले ५४ रुग्ण त्यात होते. ज्यांच्या बाबतीत मोजणी झाली होती, त्यांतल्या ८८ टक्के प्रकरणांत कागदावर ‘मोजणी बरोबर’ अशीच नोंद होती. म्हणजे मोजलं, आणि तरी राहिलं. धोका सर्वांत जास्त वाढला होता तातडीच्या शस्त्रक्रियांत, त्याखालोखाल जिथे मध्येच शस्त्रक्रियेचा बेत बदलला तिथे. आमच्याकडे हे कसं होतं ते मी रोज पाहते. सर्जन शेवटचा थर शिवायला घेतात आणि मान वर न करता विचारतात, “काऊंट बरोबर?” सिस्टर म्हणते, “हो सर.” त्या ‘हो’मध्ये मोजणी किती आणि थकवा किती, हे ज्याचं त्यानं ओळखावं.

त्या अभ्यासाचे पहिले लेखक अतुल गावंडे. ते अमेरिकेत जन्मले, वाढले, तिथेच सर्जन झाले. पण घराणं यवतमाळ जिल्ह्यातल्या उमरखेडजवळच्या उटी गावचं. उमरखेडला त्यांच्या आजीच्या, गोपिकाबाई सीताराम गावंडे यांच्या नावाचं महाविद्यालय आजही चालू आहे. विदर्भातल्या शेतकरी घरातला हा नातू पुढे जागतिक आरोग्य संघटनेसाठी शस्त्रक्रियेची सुरक्षा यादी तयार करायच्या कामाला लागला. यादी म्हणजे १९ मुद्द्यांचा एक कागद. भूल द्यायच्या आधी थांबायचं, चीर घ्यायच्या आधी थांबायचं, आणि रुग्ण खोलीबाहेर न्यायच्या आधी थांबायचं. नाव बरोबर आहे का, बाजू कोणती, अ‍ॅलर्जी आहे का, रक्त लागलं तर तयार आहे का, मॉप मोजले का. यात नवं काय, असं कुणीही विचारेल. सर्जन मंडळींनी विचारलंही.

दिल्ली, मनिला, अम्मान, टांझानियातलं इफाकारा, टोरांटो, लंडन, सिअ‍ॅटल, ऑकलंड अशा आठ शहरांतल्या आठ रुग्णालयांत ही यादी वापरून पाहिली. जानेवारी २००९ मध्ये निष्कर्ष छापून आले: मृत्यूचं प्रमाण १.५ टक्क्यांवरून ०.८ वर आलं, गुंतागुंत ११ टक्क्यांवरून ७ वर. श्रीमंत देशांतली रुग्णालयंही त्यात होती आणि गरीब देशांतलीही. या आकड्यांनी जग हललं. मला मात्र यादीतला एकच मुद्दा महत्त्वाचा वाटतो, आणि लोक नेमका तोच हसून सोडून देतात: चीर घ्यायच्या आधी खोलीतल्या प्रत्येकानं आपलं नाव आणि काम सांगायचं. एकदा नाव घेऊन बोललेला माणूस पुढे गरज पडली तर पुन्हा बोलतो. मुका बसलेला मुकाच राहतो.

गावजेवणाच्या पंगतीत वाढपी कसा फिरतो आठवा. “भात, भात”, “मीठ, मीठ”, “कढी घ्या” असा ओरडत. पाहुण्याला भात दिसत नाही म्हणून तो ओरडत नाही. मागच्या वाढप्याला कळावं की या ओळीत भात झाला, आता वरण आण, म्हणून ओरडतो. मुका वाढपी लागला की ओळीच्या टोकाला बिनमिठाचं पान राहतं. ओटीत मी औषध देताना ते मोठ्यानं म्हणते, सर्जन कात्री मागतात आणि सिस्टर “कात्री” म्हणत हातात देते, हे त्यातलंच. काही सर्जनना त्याचा त्रास होतो. त्यांना शांत ओटी आवडते. माझा अनुभव असा की शांत ओटी आणि घाबरलेली ओटी बाहेरून सारखीच दिसते.

विमानवाल्यांनी हे आमच्या आधी ओळखलं, पण जबर किंमत देऊन. २७ मार्च १९७७ रोजी स्पेनच्या तेनेरिफे बेटावर धुक्यात दोन जंबो विमानं धावपट्टीवर आदळली आणि ५८३ माणसं मेली. उड्डाण घेणाऱ्या विमानाचे कप्तान त्या कंपनीचे सर्वांत नावाजलेले. कॉकपिटमध्ये मागे बसलेल्या फ्लाइट इंजिनिअरनं विचारलं होतं की समोरचं विमान धावपट्टीवरून बाजूला झालंय ना. कप्तान ठासून हो म्हणाले. त्यानं पुन्हा विचारलं नाही. पुढच्या काही वर्षांत वैमानिकांच्या प्रशिक्षणात एक नवा धडा आला: खालच्यानं कसं बोलायचं आणि वरच्यानं कसं ऐकायचं.

इंग्लंडमध्ये २००५ साली एका वैमानिकाची पत्नी नाकाच्या साध्या शस्त्रक्रियेसाठी टेबलावर गेली. भूल दिल्यावर श्वासनळीत नळी जाईना. तीन अनुभवी डॉक्टर नळी घालायचा प्रयत्न करत राहिले. एका सिस्टरनं गळ्याला छेद द्यायचा संच आणून ठेवला आणि तसं सांगितलं. दुसरीनं आयसीयूत खाट राखली. त्या दोघींना काय करायला हवं ते दिसत होतं. डॉक्टरांची वेळेची जाणीव हरवली होती. ती बाई तेरा दिवसांनी गेली. नवऱ्यानं कुणाला फासावर चढवायची मागणी केली नाही. त्यानं विचारलं, आमच्या धंद्यात अशा वेळी काय होतं ते तुम्हाला सांगू का? आणि डॉक्टरांना हे शिकवायला एक संस्था काढली. या पुस्तिकेच्या तिसऱ्या प्रकरणात ती घटना मिनिटामिनिटानं दिली आहे. माझ्या भूलतज्ज्ञ मित्रांनी ती वाचावी, कारण ती चूक आमच्या जातीची आहे.

चुका फक्त आमच्याच जातीच्या असतात असा सर्जन मंडळींचा गैरसमज नको म्हणून एक जुना अभ्यास सांगते. २००० साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये तो आला. ज्येष्ठ सर्जनांपैकी ६४ टक्के म्हणाले की सर्जनांशी सहकार्य उत्तम असतं. भूलतज्ज्ञांपैकी तसं म्हणणारे ३९ टक्के, शस्त्रक्रियेच्या सिस्टरांपैकी २८, आणि भूलशास्त्र शिकणाऱ्या निवासी डॉक्टरांपैकी फक्त १०. खोली तीच, टेबल तेच. वरून खाली पाहणाऱ्याला टीम दिसते, खालून वर पाहणाऱ्याला साहेब दिसतो. त्याच अभ्यासात, कनिष्ठांनी वरिष्ठांच्या निर्णयावर प्रश्न विचारू नये ही कल्पना ९७ टक्के वैमानिकांनी धुडकावली होती. ज्येष्ठ सर्जनांपैकी फक्त ५५ टक्क्यांनी. आपल्याकडे हा प्रश्न विचारला तर काय येईल, याचा अंदाज वाचकांनी बांधावा. आपण तर शिक्षकाला, डॉक्टरला, पोलिसाला सगळ्यांनाच ‘सर’ म्हणतो आणि ‘सर’ हा शब्द संपला की आपलं वाक्यही संपतं.

आता उलट बाजू. यादी भिंतीवर लावली की चुका थांबतात असं समजणाऱ्यांनी कॅनडातल्या ओंटारिओ प्रांताचं उदाहरण पाहावं. तिथे सरकारी धोरणानं १०१ रुग्णालयांत यादी आली, आणि २०१४ साली अभ्यास झाला तेव्हा मृत्यूदरात सांगण्याजोगा फरक पडलेला नव्हता. याउलट अमेरिकेत माजी सैनिकांच्या रुग्णालयांनी काम थांबवून सगळ्या ओटी कर्मचाऱ्यांना एकत्र बसवून प्रशिक्षण दिलं. २०१० च्या अहवालानुसार प्रशिक्षण घेतलेल्या ७४ रुग्णालयांत मृत्यू १८ टक्क्यांनी कमी झाले, इतरांत ७ टक्क्यांनी. दोन्हीकडच्या आकड्यांवर तज्ज्ञ वाद घालतात, घालोत. मला त्यातून जे समजतं ते असं की कागद हे निमित्त आहे. तो हातात धरून माणसं एकमेकांशी बोलली तर उपयोग. आमच्याकडे मानांकन हवं म्हणून याद्या आल्या आणि सकाळी चहाबरोबर दिवसभराच्या सगळ्या याद्यांवर टिका मारून ठेवायची रीतही आली. रुग्ण अजून वॉर्डात असतो आणि त्याचे मॉप मोजून झालेले असतात!

सणसवाडीच्या एका कारखान्यातला प्रेसवर हात सापडलेला मुलगा मला कायम आठवतो. कागदावर लिहिलेलं, ‘उजवा हात, तिसरं बोट’. भूल द्यायच्या आधी त्यानं विचारलं, “मॅडम, तिसरं म्हणजे अंगठा धरून का सोडून?” आम्ही सगळे एकमेकांकडे पाहायला लागलो. सर्जन अंगठा सोडून मोजत होते, चिठ्ठी लिहिणाऱ्यानं अंगठा धरून मोजलं होतं. दोन्ही बोटांना जखमा होत्या, पण ज्यात तार घालायची ते एकच. तेव्हापासून मी बोटाला नावानंच हाक मारते: मधलं, अनामिका, करंगळी. तो मुलगा पुढे म्हणाला, “आमच्याकडं शिफ्टच्या आधी सगळे गोल उभे राहतात. आज धोका कुठंय ते सुपरवायझर सांगतो. मशीन दुरुस्तीला काढलं तर त्याला कुलूप लागतं, चावी दुरुस्त करणाऱ्याच्या खिशात. तुमच्याकडं नाय का असं?” ज्या कारखान्यात हे सगळं होतं तिथेच त्याचा हात प्रेसमध्ये सापडला, हेही खरं. पण प्रश्न बिनतोड होता. रांजणगाव-सणसवाडीच्या पट्ट्यात हजारो माणसं रोज सकाळी गोल उभी राहतात, आणि त्यांच्यावर शस्त्रक्रिया करणारे आम्ही मात्र नाही.

ही पुस्तिका वढूहून निघते आहे याला एक कारण आहे. वैद्यकीय संशोधनाच्या जगात या गावाचं नाव बरंच जुनं आहे. तिथे ते ‘वडू’ झालंय. इंग्रजीला आपला ढ झेपत नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयाच्या डॉ. बानू कोयाजी यांनी १९७० च्या दशकात इथे ग्रामीण आरोग्य प्रकल्प उभा केला. त्यांना १९८९ साली पद्मभूषण आणि १९९३ साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला, ते सगळ्यांना माहीत असतं. कमी आठवतं ते हे की त्यांनी गावातल्या साध्या, थोडं शिकलेल्या बायकांच्या हाती आरोग्याचं काम दिलं, आणि त्या काय सांगतात ते ऐकलं. गावातली एखादी बाई डॉक्टरला ‘त्या घरातलं पोर दूध ओढत नाहीये’ असं सांगते आणि डॉक्टर चप्पल घालून निघतो, तेव्हा टीम तयार होते. ऑगस्ट २००२ पासून केईएमच्या संशोधन केंद्रानं इथल्या २२ गावांतला प्रत्येक जन्म, प्रत्येक मृत्यू, आलेला-गेलेला माणूस नोंदवायला सुरुवात केली. इतक्या बारकाईनं मोजली गेलेली गावं देशात थोडी.

आणि त्याच रस्त्यावरच्या ओट्यांत जे घडता घडता राहिलं त्याची एकही वही नाही. माझ्या त्या अँप्यूलची नोंद कुठेच झाली नाही. मी केली नाही, रुग्णालयानं केली नाही, सिस्टरनं तर नाहीच. नोंद झाली असती तर कदाचित पुढच्या आठवड्यात दुसऱ्या गावात ती दोन औषधं एका ट्रेत ठेवली गेली नसती. आम्ही हे लपवतो त्याला कारणं आहेत, आणि ती खोटी नाहीत. रुग्णाच्या नातेवाइकांनी काचा फोडल्याची उदाहरणं समोर आहेत, ग्राहक न्यायालय आहे, आणि पलीकडच्या चौकात दुसरं रुग्णालय आहेच. भीतीपोटी गप्प राहण्याची सवय बाहेरून आत येते, एकट्या सर्जनाच्या स्वभावातून नाही. म्हणून इथे कुणालाही खलनायक केलेलं नाही. आमच्या भागातल्या सर्व प्रसंगांतली माणसं, गावं, रुग्णालयं ओळखू येणार नाहीत अशी बदलली आहेत.

पुस्तिकेत काय आहे ते अनुक्रमणिकेत दिसेलच. मला सर्वांत आवडलेलं प्रकरण मामांचं आहे. ओटीत तीस वर्षं टेबल पुसणाऱ्या, रुग्णाला उचलून ठेवणाऱ्या माणसाला काय काय दिसतं, ते त्याच्या तोंडून ऐकलेलं. सिस्टरांचं प्रकरण थोडं लांबलं आहे. त्या पहिल्यांदाच बोलत होत्या, मध्ये कात्री लावायला जीव झाला नाही. सर्जनांचं प्रकरण सर्वांत लहान, कारण वेळ कुणी दिला नाही. दुसऱ्या आवृत्तीत ते वाढेल अशी आशा आहे.

भाषा मुद्दाम ओटीतली ठेवली आहे. ‘शस्त्रक्रियागृह’ शब्द मी या प्रस्तावनेत एकदाही वापरणार नाही असं ठरवलं होतं, पण शुद्धलेखन तपासणाऱ्या गुरुजींना वाईट वाटू नये म्हणून हा एकदा वापरला.

शेवटची बारा पानं कोरी आहेत. ती छपाईची चूक नाही. आपल्या ओटीत जे घडता घडता राहिलं, ते तिथे लिहा. तारीख लिहा, काय दिसलं ते लिहा, कुणी थांबवलं ते लिहा. नावं लिहू नका. पानं भरली की वही ओटीच्या कपाटातच ठेवा, औषधांच्या कप्प्याशेजारी. रात्री येणाऱ्या नव्या सिस्टरला ती पहिल्या दिवशी वाचायला द्या. फिरत्या भूलतज्ज्ञालाही द्या. तो घाईत असला तरी द्या.

वढू बुद्रुक, ता. शिरूर